कच्छ संस्थानची अखेरच्या वर्षांतली तांब्याची नाणी: ओळख, हिशेब आणि एका नाण्यावरचे ‘जय हिंद’

पेठेतली_वाचक

नमस्कार. गेल्या महिन्यात माझ्या आत्याचे घर आवरताना देवघराच्या फडताळात एक पितळी डबी सापडली. तिच्यात हळदीकुंकवाने माखलेली सहा तांब्याची नाणी आणि एक छोटे चांदीचे नाणे होते. माझे आतोबा मुंबईत मशीद बंदरला एका कच्छी व्यापाऱ्याच्या पेढीवर कित्येक वर्षे दिवाणजी होते. पेढीच्या मालकांनी दिवाळीच्या वहीपूजनाला ही नाणी त्यांना दिली आणि पुढे आत्या दरवर्षी लक्ष्मीपूजनाला तीच पाटावर मांडत असे, एवढे घरात सर्वांना ठाऊक आहे. ही नाणी कुठली, केव्हाची आणि त्यांची किंमत तेव्हा काय होती, हे मात्र आत्यालाही सांगता येत नाही.

मी भिंग घेऊन जेवढे वाचता आले तेवढे वाचले. सर्वांत मोठ्या तांब्याच्या नाण्यावर एका बाजूला नागरीत ‘विजयराजजी’ आणि ‘कच्छ’ ही अक्षरे स्पष्ट दिसतात आणि २००० हा आकडा आहे. दुसऱ्या बाजूला फार्सी किंवा उर्दू लिपीतला मजकूर आहे, तो मला वाचता येत नाही. आणखी एका नाण्यावर ‘जय हिंद’ असे लिहिलेले आहे आणि राजाचे नाव मदनसिंहजी आहे. एका नाण्याला भोक आहे, पण ते मधोमध नसून जरा कडेला आहे आणि त्यामुळे एक अक्षर अर्धे नाहीसे झाले आहे. सगळ्यांत लहान तांब्याचे नाणे माझ्या करंगळीच्या नखाहून थोडेच मोठे असेल.

माझ्या शंका अशा आहेत. २००० हे साल कसे घ्यायचे? संस्थानच्या राजाच्या नाण्यावर ‘जय हिंद’ कसे आले? भोक टांकसाळीतले की नंतरचे? आणि या लहानमोठ्या नाण्यांचा एकमेकांशी हिशेब काय होता? नाणी विकायची नाहीत, त्यामुळे किमतीचा प्रश्न नाही. ती नीट ओळखून, प्रत्येकाच्या पाकिटावर बरोबर नाव लिहून पुढच्या पिढीच्या हाती द्यायची आहेत.

---

शिवराई

आपण नाणी विकण्यासाठी नव्हे तर ओळखण्यासाठी विचारत आहात, याचा फार आनंद झाला. छायाचित्रे पाहिली. सातही नाणी कच्छ संस्थानची, म्हणजे भुजच्या टांकसाळीतली आहेत. एकेक प्रश्न घेतो.

आधी सालाचा. नाण्यावरचा २००० हा विक्रम संवत आहे. हा संवत नेमका कोणता याकडे लक्ष द्यावे लागते, कारण गुजरातेत विक्रम संवताचे वर्ष कार्तिकात, दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी बदलते, तर कच्छचे नवे वर्ष आषाढ शुद्ध द्वितीयेला, म्हणजे आषाढी बीजेला सुरू होते. त्यामुळे कच्छच्या नाण्यावरच्या संवतातून आषाढ ते डिसेंबर या काळासाठी ५७ आणि जानेवारीपासून पुढच्या आषाढापर्यंत ५६ वजा केले की इसवी सन मिळते. संवत २००० म्हणजे १९४३ चा पावसाळा ते १९४४ चा पावसाळा. दुसऱ्या बाजूला फार्सी लिपीत इसवी सनही दिलेले असते, त्यामुळे ताळा पाहता येतो. फार्सी मजकूर उजवीकडून डावीकडे वाचायचा असला तरी आकडे आपल्यासारखेच डावीकडून उजवीकडे वाचायचे, एवढे लक्षात ठेवलेत तर अडचण येणार नाही. एक म्हणजे साधी उभी रेघ आणि नऊ हा इंग्रजी नवासारखा असतो. या दोन खुणा सापडल्या की उरलेले दोन आकडे आपोआप लागतात.

त्या बाजूचा मजकूर म्हणजे इंग्लंडच्या राजाचे, सहाव्या जॉर्जचे नाव, त्याचा ‘कैसर-ए-हिंद’ हा किताब आणि ‘झर्ब भुज’, म्हणजे भुज येथे पाडलेले. पुष्कळ संस्थानांनी एकोणिसाव्या शतकातच आपल्या टांकसाळी बंद केल्या आणि ब्रिटिश हिंदुस्थानचे नाणे पत्करले. कच्छने ते केले नाही. आपल्या राजाचे नाव नागरीत, सम्राटाचे नाव फार्सीत आणि भोवती चंद्रकोर, त्रिशूळ व कट्यार ही राज्याची चिन्हे, अशी मांडणी करून त्यांनी स्वतःचे चलन शेवटपर्यंत चालवले. कच्छच्या राजांच्या बिरुदात ‘मिर्झा महाराव’ असे शब्द येतात. जाडेजा राजपुतांच्या नावामागे मिर्झा पाहून पहिल्यांदा वाचणारा थबकतो, पण तो मोगलांच्या काळापासून चालत आलेला मान आहे आणि तो त्यांनी नाण्यावरून कधी काढला नाही.

आता हिशेब, जो मला या सगळ्यात सर्वांत मोलाचा वाटतो. कच्छचे मूळ चलन कोरी. आपल्या डबीतले छोटे चांदीचे नाणे तेच आहे. कोरीचे दोन अधियो, चार पायलो, आठ ढबू, सोळा ढिंगलो, चोवीस दोकडा आणि अठ्ठेचाळीस त्रांबिया. शब्दांकडे पाहिले तरी अर्थ उलगडतो: अधियो म्हणजे अर्धी कोरी, पायलो म्हणजे पाव कोरी आणि त्रांबियो म्हणजे तांब्याचा तुकडा. आपले सर्वांत मोठे तांब्याचे नाणे हा अधियो आहे आणि नखाएवढे नाणे त्रांबियो. ‘जय हिंद’ लिहिलेले नाणे ढबू आहे.

या मालिकेत एक गंमतीची जागा आहे. ढिंगल्यापासून वर प्रत्येक नाणे आधीच्याच्या दुप्पट आहे: दोन ढिंगल्यांचा ढबू, दोन ढबूंचा पायलो, दोन पायल्यांचा अधियो, दोन अधियांची कोरी. पण खाली आलो की दोकडा या रांगेत बसत नाही. तो दोन त्रांबियांचा, आणि ढिंगलो तीन त्रांबियांचा. म्हणजे ढिंगलो हा दीड दोकडा झाला. वरवर पाहता हे अवघड वाटते, पण बाजारात बसलेल्या माणसाला ते सोयीचेच होते, कारण अठ्ठेचाळीसला दोनाने, तिनाने, चाराने, सहाने, आठाने, बाराने आणि सोळानेही नि:शेष भाग जातो. तीन भावांत कोरी वाटायची असली तर प्रत्येकाला आठ दोकडे, आणि चौघांत वाटायची असली तर प्रत्येकाला एक पायलो. दशमान पद्धतीत रुपयाचे तीन समान भाग होत नाहीत, हे आपण सगळे जाणतोच.

आणि आता आपल्या मराठी माणसांसाठी मुद्दाम. एका रुपयाला साधारण पावणेचार ते चार कोऱ्या पडत. हिशेबासाठी चार धरल्या तर कोरी म्हणजे चार आणे, अधियो म्हणजे दोन आणे, पायलो म्हणजे एक आणा, ढबू म्हणजे अर्धा आणा, ढिंगलो म्हणजे एक पैसा आणि त्रांबियो म्हणजे बरोबर एक पै. आपल्याकडे जुनी माणसे दोन पैशांच्या जाड नाण्याला ‘ढब्बू’ म्हणत असत, तोच हा शब्द आणि तीच जवळपास किंमत. आपल्या आतोबांना मशीद बंदरच्या पेढीवर बसून ही नाणी परकी वाटली नसणार.

भोकाविषयी: १९४३ नंतरच्या कच्छच्या काही तांब्याच्या नाण्यांना टांकसाळीतच मधोमध भोक पाडलेले आहे. महायुद्धामुळे धातूची चणचण होती आणि त्याच वर्षी ब्रिटिश हिंदुस्थाननेही भोकाचा पैसा काढला, जो आपल्याकडे पुष्कळांच्या घरी अजून सापडतो. पण टांकसाळीतले भोक बरोबर मध्यावर असते, अक्षरे त्याला सोडून गोलाकार मांडलेली असतात आणि सहसा त्याच्या काठाला बारीक कंगोरा असतो. आपल्या नाण्याचे भोक कडेला आहे आणि त्याने अक्षर कापले आहे. मागच्या बाजूने बोट फिरवून पाहा: तांबे जरा वर आलेले आणि टोचणारे लागले, तर ते खिळ्याने किंवा सामत्याने पाडलेले आहे असे समजा.

---

मुलुंडकर

माझे आजोळ कच्छचे, अबडासा भागातले, आणि मी स्वतः मराठी शाळेत शिकलो. त्यामुळे हा विषय वाचून राहवले नाही.

शिवराई यांनी दिलेले कोष्टक माझ्या नानीमाला तोंडपाठ होते. ती मुलुंडला आमच्याकडे आली तेव्हा नवे पैसे येऊन कितीतरी वर्षे झाली होती, तरी भाजीवाल्याशी घासाघीस करताना ती मनात कोरीत हिशेब करी आणि मग रुपयात बोले. चार आण्यांना ती शेवटपर्यंत कोरीच म्हणत असे. आम्हा मुलांना ते कोडे वाटे. आज वरचे उत्तर वाचताना समजले की तिची बेरीज अगदी बरोबर होती.

आमच्या गावच्या देवळात देणगीदारांच्या नावांची एक जुनी फरशी भिंतीत बसवलेली आहे आणि तिच्यावरचे सगळे आकडे कोरीत आहेत. मुंबईत, मस्कतला आणि झांजिबारला जाऊन पैसा कमावलेल्या लोकांनी दिलेल्या त्या देणग्या. कमाई रुपयात झाली असली तरी गावात दगडावर लिहिताना ती कोरीत लिहिली गेली. गावाच्या मानाने मोठेपणा तिथल्याच चलनात मोजला जाणार, हे उघड आहे. मी लहानपणी ती फरशी अनेकदा वाचली, पण नाण्याकडे कधी लक्ष गेले नाही, याची आता हळहळ वाटते.

कडेच्या भोकाबद्दल एक सांगतो. आमच्याकडे तान्ह्या मुलाच्या गळ्यात किंवा कमरेच्या काळ्या दोऱ्यात तांब्याचे नाणे ओवत असत. दृष्ट लागू नये म्हणून, आणि तांबे अंगाला लागलेले चांगले म्हणून. माझ्या मामाच्या पाळण्याला असे नाणे बांधलेले मी पाहिले आहे, त्याचेही भोक असेच एका बाजूला होते. मधोमध भोक पाडले की नाणे दोऱ्यात आडवे राहते, कडेला पाडले की ते पदकासारखे लोंबते. आपल्या नाण्यालाही तोच उपयोग झाला असेल, असे मला मनापासून वाटते. नाणी गोळा करणारे त्याला खराब नाणे म्हणतील. आपण मात्र पाकिटावर ‘दोऱ्यात ओवलेले’ असे लिहा.

भुजला जाणे झाले तर हमीरसर तलावाजवळच्या कच्छ संग्रहालयात अवश्य जा. ते १८७७ मध्ये सुरू झाले आणि तिथे संस्थानची नाणी मांडलेली आहेत. आपल्या डबीतली नाणी काचेआड रांगेने पाहिली की त्यांचा क्रम मनात पक्का बसतो.

---

बालाघाट

विषय कच्छचा आहे, पण मराठवाड्याच्या माणसाला यात आपलेच घर दिसते म्हणून थोडे लिहितो. निजामाच्या राज्यात आमच्याकडे हाली सिक्का चाले आणि ब्रिटिश रुपयाला कलदार म्हणत. शंभर कलदार म्हणजे एकशे सोळा हाली रुपये दहा आणे आठ पै, म्हणजे सहा कलदारांना सात हाली. आमच्या आजोबांच्या वहीत प्रत्येक रकमेपुढे ‘हाली’ किंवा ‘कल.’ असे लिहिलेले आहे. सोलापूरच्या बाजाराला माल नेला की कलदार, आणि तुळजापूरला परत आले की हाली. एकाच दिवसात दोन चलनांत व्यवहार करणारी ही माणसे फार शिकलेली नव्हती, पण त्यांच्या वहीत एका पैचीही चूक सापडत नाही.

कच्छच्या नाण्यांविषयी एक विचारायचे आहे. माझ्याकडे एक कोरी आहे आणि ती घेताना विक्रेत्याने ती आठव्या एडवर्डची आहे असे सांगितले. हा राजा तर वर्षभरही गादीवर नव्हता. ब्रिटिश हिंदुस्थानने त्याच्या नावाचे नाणे काढलेच नाही, असे मी वाचले आहे. मग कच्छने कसे काढले?

---

शिवराई

बालाघाट, विक्रेत्याने सांगितले ते शक्य आहे. आठवा एडवर्ड १९३६ च्या जानेवारीत गादीवर आला आणि डिसेंबरात त्याने राज्यत्याग केला. ब्रिटिश हिंदुस्थानच्या टांकसाळींत त्याची नाणी चलनासाठी निघाली नाहीत, पण भुजच्या टांकसाळीला नाव बदलायला फक्त नवा ठसा कोरायचा होता. राजाची मुद्रा, म्हणजे चेहरा, कच्छच्या नाण्यावर नसतो, नुसती अक्षरे असतात, त्यामुळे लंडनहून चित्र येण्याची वाट पाहावी लागली नाही. तेव्हा कच्छच्या गादीवर तिसरे खेंगारजी होते, ज्यांनी १८७६ पासून १९४२ पर्यंत, म्हणजे सुमारे सहासष्ट वर्षे राज्य केले. त्यांच्या नाण्यांवर व्हिक्टोरिया, सातवा एडवर्ड, पाचवा जॉर्ज, आठवा एडवर्ड आणि सहावा जॉर्ज अशी पाच नावे येऊन गेली. एकाच राजाच्या नावाखाली पाच सम्राट पाहायचे असतील तर कच्छची नाणी एका रांगेत मांडावीत. जोधपूर संस्थानानेही एडवर्डच्या नावाचे तांब्याचे नाणे काढले होते.

आपली कोरी ओळखताना सन १९३६ आहे का ते आधी पाहा. मग नाव. ते फार्सीत आहे, म्हणून जाणकाराला दाखवून घेतलेले बरे.

जाता जाता धातूविषयी: साध्या कोरीत चांदी साठ टक्क्यांच्या आसपासच असते, पण अडीच कोरी आणि पाच कोरी ही मोठी नाणी नव्वद टक्क्यांहून अधिक शुद्ध चांदीची आहेत. म्हणून कोरी काळवंडते आणि पाच कोरी त्या मानाने उजळ राहते. हा फरक हातात घेतल्यावर लगेच जाणवतो.

---

पेठेतली_वाचक

सर्वांचे मनापासून आभार. मुलुंडकर, आपले उत्तर आत्याला वाचून दाखवले. तिने नाण्याच्या मागच्या बाजूने बोट फिरवले आणि तांबे वर आलेले लागते असे तीच म्हणाली. पुढे तिने सांगितले की माझ्या आतेभावाच्या बारशाला पेढीच्या मालकांच्या आई घरी आल्या होत्या आणि त्यांनी बाळाच्या दोऱ्यात काहीतरी ओवले होते. ते हेच नाणे असेल, असे ती ठामपणे म्हणाली नाही, पण बराच वेळ ते हातात धरून बसली.

आता एक शंका उरली आहे. इथल्या एका दुकानात नाण्यांसाठी पाकिटे आणायला गेले तेव्हा दुकानदार म्हणाले की ‘जय हिंद’ची नाणी ही निव्वळ स्मरणार्थ काढलेली, राजाने लोकांना वाटण्यासाठी पाडलेली आहेत आणि ती बाजारात चाललीच नाहीत. हे खरे धरावे काय? आणि संस्थानिक असून त्याने आपल्या नाण्यावर सम्राटाच्या जागी ‘जय हिंद’ कोरावे, हे त्या वेळी घडले तरी कसे?

---

शिवराई

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यातूनच निघते.

आपल्या ढबूवरचा संवत २००४ आहे. मी वर सांगितल्याप्रमाणे कच्छचे वर्ष आषाढी बीजेला बदलते, म्हणून हा संवत १९४७ च्या जूनमध्ये सुरू झाला आणि १९४८ च्या जुलैपर्यंत चालला, कारण त्यात एक अधिक मास होता. आता या एका वर्षात काय काय झाले ते पाहा. ऑगस्टमध्ये देश स्वतंत्र झाला. महाराव विजयराजजी उपचारासाठी लंडनला होते, म्हणून त्यांच्या वतीने युवराज मदनसिंहजी यांनी भारतात सामील होण्याच्या करारनाम्यावर सही केली. १९४८ च्या सुरुवातीला विजयराजजींचे निधन झाले आणि मदनसिंहजी गादीवर आले. त्याच वर्षी मे महिन्यात राज्याचा कारभार भारत सरकारकडे सोपवण्याचा करार झाला आणि १ जून १९४८ पासून कच्छ हा केंद्राच्या कारभाराखालचा चीफ कमिशनरचा प्रांत झाला. परकी सत्ता जाणे, एका राजाचा मृत्यू, दुसऱ्याचा राज्याभिषेक आणि राज्याचा शेवट, हे सारे संवत २००४ या एकाच आकड्यात मावले आहे. आपल्या हातातल्या तांब्याच्या तुकड्यावर तो आकडा आहे.

सम्राटाचे नाव जिथे कोरायचे ती जागा आता मोकळी झाली होती. तिथे काय लिहायचे हा टांकसाळीपुढचा खराच प्रश्न होता. त्यांनी ‘जय हिंद’ लिहिले आणि तेही नागरीत. याचे मोल कळण्यासाठी दिल्लीकडे पाहावे लागते. स्वतंत्र भारताची स्वतःची नाणी, अशोकस्तंभाच्या सिंहांची, १५ ऑगस्ट १९५० ला चलनात आली. तोवर भारत सरकारच्या टांकसाळीतून सहाव्या जॉर्जचा चेहरा असलेलीच नाणी बाहेर पडत होती. ‘जय हिंद’ हे शब्द २१ नोव्हेंबर १९४७ ला निघालेल्या, तिरंगा असलेल्या टपाल तिकिटावर आलेले होते, पण नाण्यावर नव्हते. म्हणजे मुंबईच्या टांकसाळीत राजाचा चेहरा कायम असताना भुजच्या टांकसाळीत ‘जय हिंद’ कोरले गेले होते. मी गेली तीसएक वर्षे नाणी पाहत आलो आहे आणि कच्छचा हा ढबू पाहिला की दरवेळी मन भरून येते.

आता तो स्मरणार्थ होता की चलनात चालला, हा प्रश्न. दुकानदारांचा समज का झाला असेल ते समजू शकतो. मजकूर उत्सवी आहे, राजाची कारकीर्द काही महिन्यांची आहे आणि चांदीच्या ‘जय हिंद’ कोऱ्या पुष्कळांनी आठवण म्हणून जपून ठेवल्या, त्यामुळे त्या आजही कोऱ्या करकरीत मिळतात. पण केवळ वाटण्यासाठी काढायचे असते तर चांदीची नाणी पुरली असती. अर्ध्या आण्याच्या किमतीचा तांब्याचा ढबू कोणी राजा नजराणा म्हणून वाटत नाही. तो मिठाच्या, विड्यांच्या, काड्यापेटीच्या खरेदीसाठीच लागतो. आणि सर्वांत मोठा पुरावा आपल्याच छायाचित्रात आहे. ‘हिंद’मधल्या ‘ह’चा वरचा भाग आणि काठाजवळची अक्षरे झिजलेली आहेत, मधला भाग मात्र ठसठशीत आहे. नाणे डबीत पडून राहिले तर सगळीकडे सारखे काळवंडते. ते हातोहात फिरले, गल्ल्यात दुसऱ्या नाण्यांवर घासले गेले तरच उंच भाग असा झिजतो. माझे मत असे आहे की हा ढबू बाजारात चालला, फार काळ नाही, पण चालला.

या नाण्यांविषयी लिहिताना बहुतेक जण चांदीच्या पाच कोरीपासून सुरुवात करतात. ती देखणी आहे, यात शंका नाही. परंतु राज्य बदलले हे अबडाशातल्या एखाद्या शेतमजुराला कशातून कळले असेल, असा विचार केला तर पाच कोरीकडे नव्हे, ढबूकडे आणि पायल्याकडे वळावे लागते. त्याच्या हाती पडणारे नाणे ते होते.

---

तांबट_आळी

वरची चर्चा उत्तम झाली आहे, मी फक्त निगराणीविषयी सांगतो, कारण हळदीकुंकवाचा उल्लेख वाचून काळजी वाटली. ही नाणी चिंच, लिंबू, पितांबरी किंवा राख लावून कृपा करून घासू नका. देवाची भांडी आपण घासतो त्याच मायेने लोक नाणी घासतात आणि पन्नास-पाऊणशे वर्षांत तांब्यावर चढलेला तपकिरी थर एका सकाळी निघून जातो. त्या थराखालचे तांबे उघडे पडले की नाणे आठवड्याभरात डागाळते. शिवराई यांनी झिजेवरून जे अनुमान काढले, ते घासलेल्या नाण्यावरून काढताच आले नसते.

कुंकू निघत नसेल तर नाणे साध्या स्वच्छ पाण्यात, शक्यतो उकळून गार केलेल्या, रात्रभर ठेवावे, सकाळी मऊ सुती कापडाने टिपून घ्यावे आणि पूर्ण वाळू द्यावे. पुसण्याऐवजी टिपणे महत्त्वाचे आहे. हिरवट भुकटीसारखे काही दिसले तर ते नाणे इतरांपासून वेगळे ठेवा. प्लॅस्टिकची मऊ, वास येणारी पाकिटे टाळा, त्यांतून तांब्यावर चिकट हिरवा थर येतो. साधे जाड कागदाचे पाकीट, त्यावर पेन्सिलीने नोंद आणि कोरडी जागा, एवढे पुरे. नाणे धरताना काठाला धरावे.

वहीपूजनाला तीच नाणी मांडायची असतील तर पाटावर पान ठेवून त्यावर मांडा आणि कुंकू पानाला लावा. आमच्याकडे घरातल्या शिवराया अशाच मांडतो.

---

पेठेतली_वाचक

आपण सर्वांनी एवढ्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल ऋणी आहे. तांबट_आळी, आपला निरोप वेळेवर आला, कारण आत्या चिंच भिजत घालणारच होती.

काल दुपारी आम्ही दोघींनी बसून सात कागदी पाकिटे केली. अधियो, त्रांबियो, ‘जय हिंद’ ढबू आणि कोरी यांची नावे पक्की लिहिली. भोकाच्या नाण्यावर मुलुंडकरांनी सुचवल्याप्रमाणे ‘दोऱ्यात ओवलेले’ असे लिहिले आणि त्याखाली आत्याने स्वतःच्या अक्षरात आतेभावाच्या बारशाची तिथी लिहिली. उरलेली दोन नाणी आकाराने ढबूच्या खालची आणि वरची आहेत. ती शिवराई यांनी दिलेल्या क्रमाने लावून त्यांचा व्यास आणि वजन मोजते आणि छायाचित्रांसह इथेच टाकते. फार्सी बाजूचा नऊ मला सापडला, अगदी सांगितल्याप्रमाणे इंग्रजी नवासारखा आहे, आणि त्याच्या उजवीकडचे दोन आकडे आज उजेडात पाहणार आहे.